फुलीची रेघ

“हिचीसुद्धा रेघ वाकडी आहे,” असं म्हणत गुरुनाथांनी दुर्बीण काउंटरवरच्या कापडावर ठेवली. “दुसरी दाखवा.”

हे अर्थात इंग्रजीत, आणि शेवटी प्लीज लावून. काउंटरमागे ब्रेंडा नावाची बाई होती, माझ्याच वयाची, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी छताला टांगलेल्या होडीकडे बघत राहिले. नवरा दुकानात हुज्जत घालायला लागला की बायकोनं वर बघावं, हे मी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात शिकले होते.

इतकी वर्षं अमेरिकेत, बेलव्ह्यूत काढली, पण मी अजून यांना नावानं हाक मारत नाही. अहो-जाहोच चालतं. हे सांगताना मात्र गुरुनाथ म्हणते, नाहीतर ‘हे’ म्हणजे कोण, असा घोळ व्हायचा.

तर ही दुर्बीण रायफलवर बसवायची. इथले लोक स्कोप म्हणतात. आत एक फुली असते, एक उभी रेघ आणि एक आडवी. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे गोळी जाते. एप्रिलपासून गुरुनाथांनी घरी दोन दुर्बिणी मागवल्या आणि दोन्ही परत पाठवल्या. कारण काय, तर उभ्या रेघेला मध्येच पोक येतं. आपल्या लोकांना वस्तू परत करायचं काय ते कौतुक! आमच्या मंडळात सहा महिने झोपून झालेली गादी परत करणारे महाभाग आहेत. त्यामुळे मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. खोक्यांना टेप मीच लावून दिली. ऑगस्टमध्ये मात्र म्हणाले, “आता दुकानात जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी बघूनच घ्यायची.”

तुम्ही म्हणाल, हा कोण मोठा शिकारी? राजे-महाराजे नाहीत हो. शहराच्या पाणीपुरवठ्यात पंपांवर नोकरी करून रिटायर झालेला साधा माणूस. नोकरीच्या पहिल्या वर्षी डब्यातली पोळीभाजी एकटेच खात बसायचे. एके दिवशी डेल नावाचा दांडगा सहकारी शेजारी येऊन बसला, पोळी मागून खाल्ली आणि म्हणाला, शनिवारी डोंगरापलीकडे हरणाच्या शिकारीला चाललोय, येतोस? हे गेले. परमुलखात एकट्या पडलेल्या माणसाला कुणी ‘येतोस?’ म्हटलं तर तो कुठेही जातो. त्या डेलनं भजनाला नेलं असतं, तर हे भजनाला गेले असते.

मी घर डोक्यावर घेतलं होतं तेव्हा. मंडळातल्या बायकांनी नाकं मुरडली, “अय्या काकू, काका खरंच मारतात?” आणि त्यांचेच नवरे कोपऱ्यात घेऊन विचारायचे, हरणाचं मटण लागतं कसं हो? ते मटण माझ्या स्वयंपाकघरात कधी आलं नाही. गॅरेजमध्ये वेगळा फ्रीझर, वेगळी शेगडी, वेगळं पातेलं. मी घरात वरणभात खायची, ते गॅरेजमध्ये रस्सा ओरपायचे. संसार काही अडला नाही.

एका गोष्टीची मात्र मी कधी चेष्टा केली नाही. खोकल्याच्या औषधाची एक रिकामी बाटली होती त्यांच्याकडे. शिकारीला निघताना ती आमच्या नळाखाली भरायची. जनावर पडलं की आधी गुडघे टेकून त्याच्या तोंडात पाणी घालायचं, सुरी त्यानंतर. मरणाऱ्याला कोरड्या घशानं जाऊ देऊ नये, असं त्यांच्या आईनं सांगितलेलं. “मग गंगाजल तरी न्या,” मी एकदा म्हटलं. तर म्हणाले, “माझ्याच पंपाचं पाणी आहे. चांगलं आहे.” पाणी घालून होईपर्यंत डेल टोपी काढून बाजूला उभा राहायचा म्हणे.

डेल दोन वर्षांपूर्वी वारला. मागच्या ऑक्टोबरात गुरुनाथ पहिल्यांदाच एकटे गेले. समोरच्या उतारावर, बऱ्याच लांब, एक नर उभा होता, उजव्या शिंगाचं टोक मोडलेला. यांनी गोळी झाडली. लागली, पण पोटात लागली. हरीण पळालं. यांनी दिवसभर शोधलं, दुसऱ्या दिवशीही शोधलं. थोडं अंतर रक्त दिसलं, पुढे तेही दिसेना. घरी आले तेव्हा हातात बाटली भरलेली. मला वाटलं उरलंय पाणी, म्हणून तुळशीत ओतायला घेतलं, तर अंगावरच आले.

“तुळशीला नको! ते त्याचं पाणी आहे.”

“कोणाचं?”

“ज्याला मिळालं नाही त्याचं.”

ती बाटली गॅरेजमध्ये फळीवर राहिली. त्या हिवाळ्यात माणूस नीट जेवला नाही. पोटात गोळी लागलेलं जनावर लवकर मरत नाही, एवढंच एकदा बोलले. आणि मग हे दुर्बिणीचं वेड शिरलं डोक्यात. जुनीची काच म्हातारी झाली, लांबचं धरत नाही, कलत्या उन्हात दगा देते, सगळा दोष तिचा. चांगली घेतो, एकदाच जातो, एका गोळीत काम नीट करतो आणि थांबतो. आमची लेक आश्लेषा एडिसन गावाहून फोनवर ओरडली, “बाबा, जस्ट स्टॉप! यू डोन्ट नीड धिस.” हे म्हणाले, “थांबणारच आहे गं. पण असं घाण करून नाही थांबत माणूस.”

तर त्या दुकानात ब्रेंडानं अजून धीर सोडला नव्हता. किती अंतरावर मारता, तिनं विचारलं.

“दोनशे ते चारशे यार्ड. पाचशेच्या पुढे मी नाही जात.”

“मग ही पंचवीस पटींची कशाला हवी? मोठं दिसतं म्हणजे चांगलं दिसतं असं नाही. तुमचा श्वास हलला तरी चित्र हलतं, आणि जनावर चौकटीतून निसटून जातं. तीन ते पंधरा पट पुष्कळ झाली. पैसे काचेवर घाला, आकड्यावर नको.”

गुरुनाथांना हे पटलं. बाजारात वांगी निवडावीत तशा ते त्या नळ्या हातावर तोलत होते. ही जड, चढावर खांदा मोडेल. हिचं चाक घट्ट, हातमोज्यांत फिरायचं नाही. बोलणं सगळं शहाण्या माणसाचं. ब्रेंडानं आतून एक काढून आणली आणि स्टँडवर बसवली. म्हणाली, आमच्या दुकानात यापेक्षा चांगली काच नाही. गुरुनाथांनी डोळा लावला. मला त्यांची फक्त मान दिसत होती.

“वाकडी,” ते हळूच म्हणाले.

ब्रेंडानं चष्मा चढवला, स्वतः बघितलं. “मला तर सरळ दिसतेय, सर.”

गुरुनाथ माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “तिला विकायचीय, ती सरळच म्हणणार. तू बघ गं.”

“मला काय कळतंय त्यातलं!”

“कळायचं काय त्यात? रेघ सरळ की वाकडी, एवढंच सांग. डोळा चिकटवू नकोस, चार बोटं लांब ठेव. रायफलवर असती तर धक्क्यानं भुवई फुटली असती.”

मी बघितलं. दुकानाच्या पार त्या टोकाला भिंतीवर सांबरासारख्या जनावराचं पेंढा भरलेलं डोकं होतं, ते एकदम नाकासमोर आलं. अगं बाई, पापण्यासुद्धा दिसत होत्या. आणि त्याच्या काचेच्या डोळ्यावरून उभी रेघ गेली होती, पट्टीनं मारावी तशी.

आणि मला एकेक आठवायला लागलं. गुढीपाडव्याला मी दाराशी रांगोळी काढली होती, तर हे म्हणाले होते, “आज हात हलला का गं तुझा?” मी फणकाऱ्यानं दिवसभर बोलले नव्हते. येताना हायवेवर म्हणाले होते, हल्ली हे लोक रस्त्यावरचे पट्टेसुद्धा धड मारत नाहीत. आणि मी मेली शेजारी बसून हो ला हो करत होते.

खोटं बोलायचं आलं मनात. वाकडी आहे म्हटलं असतं तर उठून घरी गेलो असतो, वाटेत डोसा खाल्ला असता. पण हा माणूस तिसरी मागवणार, चौथी मागवणार, आणि एक दिवस कंटाळून तशीच घेऊन डोंगरावर जाणार. तिथे आणखी एक मुकं जनावर आतडी ओढत पळणार. आणि मग हा माणूस त्यातून उठणार नाही. मला तेवढं कळत होतं.

“सरळ आहे हो,” मी म्हटलं.

“नीट बघ.”

“नीटच बघितलं. अगदी सरळ आहे.”

त्यांनी मला बाजूला केलं. वाकले, उजवा डोळा लावला. मग तो मिटून डावा लावला. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. ब्रेंडा उगाचच कापडाची घडी करत बसली. मग त्यांनी दुर्बिणीच्या दोन्ही तोंडांना टोपणं लावली आणि ती तिच्यापुढे सरकवली.

“काच उत्तम आहे,” ते तिला म्हणाले. “तुम्हाला त्रास दिला, माफ करा.”

पार्किंगमध्ये त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. बरंच पुढे आल्यावर म्हणाले, “म्हणजे परत पाठवलेल्या त्या दोन्ही पण चांगल्याच होत्या.”

डोळ्यांच्या डॉक्टरीण बाई पंजाबी होत्या, यांना अंकल म्हणायच्या. डोळ्याच्या पडद्याखाली नको तिथे रक्तवाहिन्या वाढतात आणि झिरपतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. “म्हणजे लीकेज,” गुरुनाथ म्हणाले. त्यांना ते लगेच कळलं, जन्म त्यातच गेला होता. उजव्या डोळ्यात व्रण धरला होता, तो आता सुधारणार नव्हता. डाव्यात नुकती सुरुवात होती, तो इंजेक्शनं देऊन सांभाळायचा. रेघा वाकड्या कधीपासून दिसतात, बाईंनी विचारलं.

“एप्रिल. मला वाटलं काच खराब आहे.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “तेव्हाच आला असतात, अंकल, तर पुष्कळ वाचवता आलं असतं.”

घरी येताना ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “एप्रिल नाही. ऑक्टोबरच. तेव्हाच सुरू झालं असणार.” मी गाडी चालवत होते. मला रडू आलं आणि ते मला त्यांना दाखवायचं नव्हतं. रायफल पुढच्या आठवड्यात रीतसर डेलच्या मुलीच्या नावावर झाली. गॅरेजमधला फ्रीझर त्यांनी स्वतः धुऊन पुसून उघडा टाकला.

ऑक्टोबरात एका सकाळी बूट घालून दाराशी उभे. हातात ती बाटली.

“मला डोंगरापलीकडे घेऊन चल.”

“निदान पाणी तरी बदला. वर्ष झालं त्याला.”

“नाही. हेच.”

घाट ओलांडला की आमच्याकडची हिरवाई संपते, सगळं कोरडं आणि करडं. रानाच्या फाटकाशी गाडी लावली. माझं कोपर धरून ते चढले. चढून गेल्यावर एक सपाट खडक लागला. “इथवर रक्त होतं,” म्हणाले. “इथून पुढे मी चारी बाजूंनी फिरलो. दोन दिवस.” मग खडकावर बसले, दमले होते. मी आपली इकडेतिकडे बघत होते. शोधत नव्हते काही, देवाशप्पथ. खडकाच्या खालच्या अंगाला करड्या झुडपाशी पांढरं काही दिसलं. चार पावलं उतरले. बरगड्या होत्या, विखुरलेल्या. कवटी होती. उजव्या शिंगाचं टोक मोडलेलं होतं.

वर बघितलं तर गुरुनाथ तिथेच बसलेले, आमच्या ओट्यावरून जेवणाच्या टेबलाशी बोलावं इतक्या अंतरावर. हा माणूस दोन दिवस इथे हिंडला होता. ते इथे पडून होतं, आणि बहुतेक जिवंत होतं. मला वाटलं गप्प बसावं, पाणी कुठेही ओतू द्यावं. पण वर्षभर जपलेलं पाणी होतं ते.

“अहो,” मी म्हटलं, “इकडे या. हळू.”

ते आले. मान जराशी तिरकी करून त्यांनी बघितलं, हल्ली तसंच बघतात. गुडघे टेकले. शिंगावरून हात फिरवला, मोडक्या टोकाशी बोट थांबलं. मागे वळून त्यांनी खडकाकडे एकदा बघितलं, पण किती लांब ते मला विचारलं नाही. टोपण काढून त्यांनी बाटली त्या जबड्यावर धरली. पाणी दातांमधून खाली मातीत गेलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत ते बाटली तशीच उपडी धरून राहिले.

मग टोपण शोधायला लागले. ते त्यांच्या गुडघ्याशीच पडलं होतं, पांढरं, मातीवर स्वच्छ दिसत होतं. गुरुनाथ मात्र दुसऱ्याच बाजूला हातानं गवत चाचपत राहिले. मी थोडा वेळ बघितलं, मग खाली बसले, ते उचललं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.