जिभेखालचा पडदा

"तोंड उघड ना गं बये," मी बाळाच्या गालाला बोट लावून विनवलं. तिनं तोंड उघडलं, जरा चुटूचुटू केलं आणि सुटली. स्तनाग्रावर रक्त आलं होतं.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. जन्मभर त्या बाळंतिणींच्या वॉर्डात आया होत्या. किती पोरींना पाजायला शिकवलं असेल, त्यांनाच ठाऊक. त्या सगळ्यांत बिनडोक मीच निघाले.

"बोचकं धरल्यासारखी धरतेस. खांदे सैल सोड."

"सोडलेत हो आई."

"मग पोर उपाशी कशी?"

काय सांगणार, कपाळ? पुढं छातीत गाठी धरल्या, मी तापानं फणफणले. तेव्हा सासूबाईंनी वॉर्डातली रीत केली. जुनी चादर फाडून माझी छाती करकचून बांधली आणि पोरीला बाटली लावली. हात असा सराईत, की मी म्हटलं, सुटले एकदाची.

"तिकडं कुणाला बांधायचात असं?"

"ज्यांचं मूल जायचं त्यांना," गाठ मारता मारता त्या बोलून गेल्या.

माझा हात गाठीकडं गेला. पण ठणका कमी होत होता, म्हणून मीही पट्ट्या सोडा म्हटलं नाही.

पोरीला बाटलीही जमेना. दूध ओठांच्या कोपऱ्यातून गळायचं, वजन उतरायला लागलं. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बोटानं तिची जीभ उचलून पाहिली.

"खालचा पडदा आखूड आहे. जीभ पुढं येतच नाही, ओढणार कशी? आईचं काही चुकलेलं नाही."

पडद्याला कात्रीचं टोक लागलं, पोर कळवळली, झालं.

परतीच्या वाटेवर सासूबाई खाली बघून म्हणाल्या, "मी आईकडंच बघत आले गं. पोराच्या तोंडात बोट घालून कधी बघितलंच नाही."

मला त्यांचा संताप आला होता. पोरीला घट्ट धरून मी पुढं चालत राहिले.

घरी येऊन पोरीला छातीशी घेतलं. तिनं मोठा आ केला आणि गच्च धरलं. पहिल्यांदाच दुखलं नाही. जबडा कसा छान हलत होता. ती ओढत होती, ओढतच होती, पण गिळल्याचा आवाज काही येईना. बांधलेलं दूध कधीच आटलं होतं. दुसऱ्या बाजूलाही तेच.

सासूबाई बाटली गरम करून घेऊन आल्या.

"थांबा जरा," मी म्हटलं. "आत्ता कुठं धरलंय तिनं."

त्या दोन्ही हातांत बाटली धरून तिथंच भिंतीशी खाली बसल्या.