मधला काळा ठिपका

पडद्यावरच्या दीर्घिकेच्या मधोमध काळा ठिपका दिसत होता, आणि घुबड भीतीने खुर्चीला खिळून बसली होती.

सदानकदा काळोख्या खोलीत बसते म्हणून प्रयोगशाळेत तिला सगळे घुबड म्हणत. काम मात्र उजेडाचंच. लेझरचा हिरवा झोत काचेच्या लांब ठोकळ्यात सोडायचा. काच तापते, आणि तापलेली काच प्रकाशाला आत ओढते, जसं गुरुत्वाकर्षण ताऱ्यांना ओढतं. आभाळातली दीर्घिका कशी जमते ते असं टेबलावर बघायचं, कॅमेऱ्यातून. तिच्या मधोमध खरंच असा खळगा पडला असेल, तर मेहनतीचं सोनं झालं.

पण मघाशी तिने नको तो शहाणपणा केला होता. संरक्षक चष्म्यातून तो हिरवा रंग दिसतच नाही, आणि आरसा काही केल्या नीट बसेना. म्हणून चष्मा जरासा वर केला. तेवढ्यात उजव्या डोळ्यात लख्खकन काहीतरी गेलं. डावा डोळा जन्मापासून अधू. सगळी भिस्त उजव्यावर.

मग ठिपका दीर्घिकेत, की डोळ्यात? नजर जरा बाजूला नेली असती तरी उत्तर मिळालं असतं. पण ती नेण्याचा धीर होईना. लेझर बंद करून, कॅमेऱ्याने टिपून पडद्यावर ठेवलेल्या चित्राकडे एकटक बघत ती घामाघूम बसून राहिली.

तिला घरी न्यायला बाबा आले. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, आणि लेकीची री ओढायची त्यांना भारी हौस. लहानपणी ती ढगात घोडा आहे म्हणाली, की बाबांना तो दिसायचाच.

"बाबा, इकडे या. मधे काळा ठिपका दिसतोय ना?" मान न वळवता तिने विचारलं.

बाबा वाकले. "दिसतोय की! चांगला वाटाण्याएवढा."

"नक्की?"

"अगं, घड्याळजी आहे मी. माझे डोळे फसतील होय?"

तिच्या जिवात जीव आला. बाबा दिवा लावायला दाराशी गेले, तशी ती हसत, डोळे पुसत त्यांच्याकडे वळली.

बाबांचे पांढरे केस दिसले, दोन्ही कान दिसले. नाकडोळ्यांच्या जागी काळं होतं.

"आता खूश ना, बाळा?" त्या ठिपक्यातून बाबांनी विचारलं.