आजऱ्याचा मिरर

माझा धाकटा भाऊ राजस भलता टापटिपीचा माणूस. जेवून उठला की ताटाखालची जागासुद्धा पुसतो. लहानपणी आई त्याचं कौतुक करायची आणि माझ्या नावानं बोटं मोडायची. त्याच टापटिपीनं माझा क्लास बुडवला. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय, इथंही सांगते.

आजऱ्यात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. यंत्रं चौदा, सगळी एका कॉलेजनं काढून टाकलेली, म्हातारी. इंटरनेट जावयासारखं, मनात आलं तर येतं, आणि आलं तरी फार वेळ टेकत नाही. राजस कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कंपनीत सर्व्हरची कामं बघतो. त्यानं यावर तोड काढली. कोपऱ्यातल्या जास्तीच्या कॉम्प्युटरवर त्यानं मिरर उभा केला. कोरा कॉम्प्युटर पुन्हा चालू करायचा तर लागणारं सॉफ्टवेअर बाहेरच्या मोठ्या कोठारातून नेटवरून ओढावं लागतं. त्या कोठाराची नक्कल आमच्या कोपऱ्यात आली. आमचा मराठी कीबोर्ड आणि टायपिंगचा सराव त्यानं त्यात वेगळा घातला. रविवारी नेट असलं की मिरर त्या कोठाराशी स्वतःला ताडून बघायचा आणि पुन्हा गप्प बसायचा.

हा सगळा खटाटोप परीक्षेसाठी होता. आमचं टायपिंगच्या परीक्षेचं केंद्र. नियम असा, की परीक्षेच्या सकाळी निरीक्षकासमोर सगळे कॉम्प्युटर पुसून कोरे करायचे, म्हणजे आत कुणी काही लपवायला नको, आणि मग पुन्हा भरायचे. मिरर आल्यापासून हे काम चहा पिता पिता व्हायचं.

यंदा परीक्षेला बसणाऱ्यांत क्रांती होती. ती काजूच्या कारखान्यात काजू फोडायला बसते. टरफलातलं तेल कातडी जाळतं. हाताला राख फासली तरी बोटं काळी पडतात, सोलतात. त्याच बोटांनी ती आख्ख्या क्लासात सगळ्यात वेगानं टाइप करायची. मालकाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी बाई नोकरी सोडून चालली होती. महिनाअखेर सर्टिफिकेट आण, ती खुर्ची तुझी, असा शब्द मालकानं क्रांतीला दिला होता. पुढची परीक्षा दिवाळीनंतर. तोवर खुर्ची कोण रिकामी ठेवतंय?

निरीक्षक भला माणूस होता. सकाळी वेळेवर आला, चहा घेतला. त्याच्यासमोर मी एकेक यंत्र पुसलं. चौदाच्या चौदा कोरी झाली. मग पहिलं भरायला लावलं आणि ते अडलं. दुसरं अडलं. हवं ते सॉफ्टवेअर मिररवर सापडत नाही, एवढंच पडद्यावर येत राहिलं.

मी राजसला फोन लावला. तो म्हणाला, "अक्का, सगळं पुसलंस का?"

"पुसलं. नियमच आहे तो."

तो म्हणाला, "वरच्या कोठारवाल्यांनी गेल्या महिन्यात जुन्या मशीनला लागणारा सगळा माल काढून टाकलाय. आता कोण वापरतंय असली, म्हणून. आणि तिथून गेलं की आपल्याकडूनही काढायचं, असं मी लावून ठेवलेलं. डिस्क भरू नये. पसारा नको म्हणून."

अति तेथे माती म्हणतात ते हेच. आमचा कीबोर्ड शाबूत होता, सराव शाबूत होता. ते बसवायला खाली काही उरलं नव्हतं. मोबाइलच्या नेटवर धडपड करून पाहिली. पण कोठारातच माल नाही तर ओढणार काय? राजसनं नेटवर जुना माल साठवून ठेवणारी दुसरी जागा शोधली. तिथून सगळं डिस्कवर उतरवून घेतो आणि निघतो, म्हणाला.

निरीक्षक बारापर्यंत थांबला. मग उठून म्हणाला, "मॅडम, मला समजतंय हो. पण यापुढं थांबणं माझ्या हातात नाही." केंद्र तयार नव्हतं, असं त्याला लिहावं लागणार होतं. अशानं मान्यता जाते, हेही त्यानंच हळू आवाजात सांगितलं. मुली पांगल्या. क्रांती मात्र पायरीवर बसून राहिली.

राजस तिसऱ्या प्रहरी मोटरसायकलवरून आला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तो खाली मान घालून कामाला लागला, आणि दिवस मावळायच्या आत त्यानं चौदाही कॉम्प्युटर चालू केले. वर प्रत्येकाचा पडदा फडक्यानं पुसला. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

क्रांती आत आली. ओळीनं उजळलेले पडदे बघून तिचा चेहरा खुलला.

"म्याडम, झालं की चालू."

"झालं."

"मग आता घेत्यात का परीक्षा?"

मी नाही म्हटलं. साहेब गेले, आता इथं केंद्रही राहायचं नाही, हे सांगितलं. काय झालं तेही सांगितलं, तिला समजेल असं. ती नीट ऐकत होती.

"म्हंजे तितनं काढलं म्हून आपलं बी गेलं?"

"हो."

"आपल्याला इचारलं न्हाय कुनी?"

राजस म्हणाला, "आपण आहोत हे तिथं कुणाला माहीतच नाही."

तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिला धीर द्यावा म्हणून मी शब्द शोधत होते. दिवाळी म्हणावं तर तोवर खुर्ची गेलेली. कोल्हापूरच्या केंद्रात बस म्हणावं, तर तिथलीही परीक्षा दिवाळीनंतरच. तिनं दाराजवळची पिशवी उचलली.

"रातपाळीला बाया कमी हाईत म्हनं. आता गेलो तर घेतील," ती म्हणाली. "जातो मग."

"जा," मी म्हटलं.