काडतुसांचा दोष

व्हर्लिन स्ट्राउडला गोळीचा वेग मोजायचं यंत्र शनिवारच्या आत हवं होतं, आणि स्वस्तात हवं होतं.

सहाशे यार्डांच्या सामन्यासाठी नेमबाजी क्लबचे जे चौघे उतरायचे, त्यांत बावीस वर्षं त्याचं नाव होतं. काडतुसं तो स्वतः भरायचा. तळघरातल्या टेबलाशी बसून रिकाम्या पुंगळ्या घासायच्या, दारू तोलायची, एकेक गोळी बसवायची. साऱ्या लुइसटाउनात त्याच्या काडतुसांना मान होता. पण वसंतापासून काहीतरी बिघडलं होतं. शंभर यार्डांवर मारलेल्या पाच गोळ्यांची भोकं पूर्वी एका नाण्याखाली झाकली जायची, ती आता बशीतही मावेनात. त्यानं दुर्बीण बदलली, बंदुकीचे स्क्रू पुन्हा आवळले, नळी घासून घासून साफ केली. उपयोग शून्य.

क्लबचा कप्तान क्लीट ओडेगार्ड हा शाळेपासूनचा दोस्त. सोमवारी त्यानं तोंडावर सांगितलं, "रविवारी नावं द्यायचीत, व्हर्लिन. तुझ्या काडतुसांत काय गडबड आहे ती शोधून काढ. नाहीतर मला दुसरा माणूस घ्यावा लागेल, आणि मग माझ्या नावानं बोटं मोडू नकोस."

"काडतुसांतच आहे," व्हर्लिन घाईघाईनं म्हणाला. "दारूचा डबा नवा आहे ना, तोच खराब निघाला असणार."

तसं असावं म्हणून तो मनातून हात जोडत होता. दुसरं जे कारण असू शकत होतं, त्याचं नाव त्यानं स्वतःशीसुद्धा घेतलं नव्हतं. वडिलांना कंपवात होता. शेवटची सहा वर्षं आई त्यांना चमच्यानं भरवत असे. आणि हल्ली व्हर्लिन निवांत टेकला की त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आपला आपण हलायला लागायचा.

"तुला वेग मोजायचाय की मित्रांत मिरवायचंय?" दुसऱ्या दिवशी बंदुकांच्या दुकानातल्या मार्व्हानं विचारलं.

"प्रत्येक काडतूस सारख्या जोरानं सुटतंय की नाही, एवढं कळलं की झालं."

"मग हे रडारचं बघ. बंदुकीशेजारी ठेवायचं आणि विसरायचं. सहाशे डॉलर."

"पुढचं दाखव."

"हे नळीला पट्ट्यानं बांधतात. वेग बिनचूक सांगेल, पण नळीवर वजन आलं की गोळी भलतीकडे जाते. वेग आणि नेम एकदम तपासायचा असेल तर घेऊ नकोस." मग तिनं खालच्या फळीवरून धुळकटलेला खोका ओढला. "आणि हे आपलं गरिबाचं. दोन डोळे, त्यांच्यावर काड्यांनी उभ्या केलेल्या दोन पांढऱ्या टोप्या. गोळी पहिल्या डोळ्यावरून गेली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावरून गेली की बंद. सव्वाशे डॉलर. मात्र गोळी डोळ्यांच्या वरून जाऊ दे, डोळ्यांतून नको. गेल्या वर्षी तिघांनी आपापलं यंत्र उडवलं आणि भांडायला माझ्याकडे आले."

"खोटे आकडे देत नाही ना?"

"उजेड बरा नसला तर रुसतं, आकडाच देत नाही. दिला तर विश्वास ठेव." तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "काय रे म्हाताऱ्या, बरं आहे ना सगळं?"

"दे ते," तो म्हणाला.

शनिवारी मैदानावर नॅडीनही आली. बायकोनं सोबत येण्याचा हट्ट धरला तेव्हा त्याला नाही म्हणता आलं नाही. वारा सुटला होता. यंत्राची तिपाई दोनदा आडवी झाली. पहिल्या पाच गोळ्या यंत्रानं पाहिल्याच नाहीत. त्यानं यंत्र पुढे सरकवलं, टोप्या सरळ केल्या, आणि मग आकडे येऊ लागले. नॅडीन वहीत लिहीत होती.

"सत्तावीसशे एक्याऐंशी. सत्तावीसशे अठ्ठ्याहत्तर. सत्तावीसशे चौऱ्याऐंशी."

प्रत्येक गोळीआधी तो मनात म्हणत होता, आता तरी चूक. एकदा तरी सेकंदाला पन्नास फुटांनी कमी दाखव, जास्त दाखव. दहा गोळ्या झाल्या. सर्वांत हळू आणि सर्वांत वेगवान गोळीत अवघा अकरा फुटांचा फरक होता. इतकी सारखी काडतुसं त्यानं आयुष्यात भरली नव्हती. समोरच्या कागदावर मात्र भोकं कोंबड्यांपुढे टाकलेल्या दाण्यांसारखी विखुरली होती.

"यंत्रच भंगार आहे," तो ओरडला.

त्यानं शर्टाच्या खिशातून लाल खुणेची तीन काडतुसं काढली. त्यांत मुद्दाम थोडी कमी दारू भरली होती, यंत्राला पकडायला. तिन्ही उडवली. यंत्रानं तिन्ही वेळा ओळखलं. आकडा जवळजवळ ऐंशीनं खाली, तिन्ही वेळा.

"नॅडीन, तू बस इथे. माझी पाच मार."

"मी? दोन वर्षांत बंदुकीला हात लावला नाही मी."

"बस म्हणतो ना!"

ती बसली. सावकाश पाच गोळ्या मारल्या. व्हर्लिननं दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ तो काढलाच नाही. पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली असती.

"बाबांना जसं..." तो म्हणाला.

"माहीत आहे मला," नॅडीन म्हणाली. "फेब्रुवारीपासून. बटणं लावताना तू माझ्याकडे पाठ करतोस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू दारूला दोष देत होतास, दुर्बिणीला देत होतास. म्हटलं, तेवढे दिवस तरी..." तिनं वही मिटली. "बिलिंग्ज शहरातल्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली आहे. येणार नाही म्हणालास तरी नेणार आहे."

मग त्यानं तिथूनच क्लीटला फोन लावला. "माझं नाव यादीतून काढ."

"म्हणजे काडतुसंच खराब निघाली ना?"

"नाही. काडतुसं एक नंबर आहेत."

"मी येऊ का तिकडे?" क्लीटनं हळूच विचारलं.

"नको. सामन्यात नीट नेम धरा."

फोन ठेवून तो यंत्र सुटं करायला वाकला. टोपीच्या काडीचा बारीक स्क्रू त्याच्या चिमटीत येईना. त्यानं पुन्हा धरला, पुन्हा निसटला. नॅडीन पुढे झाली तसा तो खेकसला, "थांब, जमतंय मला!" तिसऱ्यांदा स्क्रू हातातून गवतात पडला. तेव्हा मात्र तो बाजूला झाला, आणि ती गुडघ्यांवर बसून वाळल्या गवतात स्क्रू शोधू लागली.