लातूरचा जोडा

माझा आवाज बरा आहे, असं माझं मत होतं. नांदेडकरांचं मत वेगळं होतं, पण माणसं सभ्य. त्यांनी ते तोंडावर कधी सांगितलं नाही, नुसतं गाण्याला बोलावणं बंद केलं. दिवसा मी एका वकिलाकडे उर्दू अर्ज लिहायचो आणि संध्याकाळी तंबोरा मांडीवर घ्यायचो. निजामाची अमदानी, कचेरीचं सगळं काम उर्दूत, तेव्हा अर्ज लिहिणाऱ्या मला, रेणुकादासला, गावात मान होता. त्यातला थोडा मान गाण्याकडे वळवता आला तर पाहावं, असा माझा प्रयत्न होता.

लातूरहून श्रावणी सोमवारच्या बैठकीचं बोलावणं आलं तेव्हा माझ्या बायकोनं, सौदामिनीनं, एवढंच विचारलं, की त्या लोकांनी तुम्हाला आधी ऐकलंय का. ऐकलं नव्हतं. शिफारस करणारा आमच्याकडचा अशील होता आणि त्यानं माझ्या तोंडून फक्त त्याचा अर्जच ऐकला होता. मग आमच्या घरात करार झाला. लातूरनं पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं तर गाणं चालू. नाही बोलावलं तर तंबोरा माळ्यावर जाईल आणि त्या कोपऱ्यात ज्वारीची कोठी येईल. कोठी त्या कोपऱ्यात बसते का, हे तिनं आधीच वितीनं मोजून ठेवलं होतं.

मी हबकलो. हबकलेला गवई रियाज वाढवतो असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं हबकलेला गवई पाहिलेला नाही. मी कपडे शोधायला निघालो. त्या काळी बैठकीला तहसीलदार, अमीन अशी मंडळी गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या शेरवानीत येऊन बसत. लोक गळा ऐकण्याआधी कापड बघतात, हे मी कचेरीत रोज पाहत होतो. शेरवानीतला अर्जदार खुर्चीवर बसायचा आणि धोतरातला दारात उभा राहायचा. तेव्हा शेरवानी पाहिजे, झोकदार पाहिजे, आणि माझ्या ऐपतीत पाहिजे.

गावातल्या वजिराबाद पेठेतल्या दर्ज्यानं भाव सांगितला, तो ऐकून मी त्याच्याकडे पाणी मागितलं आणि पिऊन निघून आलो. जुन्या बाजारात एका जहागीरदाराची उतरलेली शेरवानी मिळत होती, पण कसर लागून बरोबर काळजावर भोक पडलं होतं. लग्नातल्या बाजेवाल्याकडे जरीचे डगले होते. तो भाड्यानं द्यायला तयार होता, मात्र आधी दोन वराती त्याच डगल्यात त्याच्या ताफ्यात उभं राहावं लागेल म्हणाला. एक माणूस कमी होता त्याचा. मी दिवसभर विचार केला, हे कबूल करायला हवं.

एवढ्यात बसवंत आला. हा लातूरच्या वीरण्णा शेटचा मुनीम. वीरण्णा म्हणजे गंजगोलाईतले मोठे अडत व्यापारी, बैठक त्यांच्याच घरी होती. बसवंत कोर्टाच्या कामासाठी आमच्या वकिलाकडे आला होता. जाता जाता म्हणाला, "जोड्याची फिकीर करू नका. जोडा शेटकडून हाय."

आता मराठीत जोडा म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मी शेंबडं पोर नव्हतो, उर्दूनवीस होतो. आमच्या हैदराबादी उर्दूत जोडा म्हणजे अंगावरचा पुरा पोशाख. नवरदेवाला सासरहून जोडा येतो तो काही पायात घालायचा नसतो. शेट मला शेरवानी शिवतायत, म्हणजे केवढी कदर! बसवंतानं खिशातून सुतळी काढली, खाली बसला आणि माझं पाऊल मोजलं. आधी लांबीत, मग टाचेवरून गोल. मी मनात म्हटलं, चुडीदार दिसतोय. चुडीदाराची मोहरी, म्हणजे पायाकडचं तोंड, टाचेवरून जावी लागते, हे तहसीलदारांच्या पायांकडे बघून मला पाठ होतं. छातीचं माप नको का, असं मी विचारलं तेव्हा तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, त्याचं काय काम. मी समजलो, की लातूरचा दर्जी छाती नजरेनं मापत असणार.

सौदामिनी तूर निवडत होती. तिनं सुचवलं, एकदा विचारून तर घ्या जोडा म्हणजे काय ते. मी तिला त्या शब्दावर उर्दूच्या अंगानं एक व्याख्यान दिलं. ती तूर निवडत राहिली. माझ्या तर अंगात उदारपणा संचारला होता. माझा एकुलता एक काळा कोट मी मेहुण्याला, वसंतरावांना, देऊन टाकला. त्यांना हदगावला मास्तरकीच्या नोकरीसाठी भेटायला जायचं होतं. शेटनं नवा जोडा करावा आणि मी जुना कोट घालून जावं, हा मला शेटचा अपमान वाटला.

अंगात सदरा, खाली धोतर, काखेत तंबोरा, असा मी मोटारीत बसलो. लोह्याच्या पुढे मोटार चिखलात रुतली. उतारूंनी ढकलायची होती. मी नेमका मागच्या चाकाशी उभा राहिलो. मोटार निघाली तेव्हा माझ्या सदऱ्याचा रंग कोणता होता, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.

वीरण्णांच्या घरी त्यांच्या आई गौरम्मा दारात होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पण आवाज खणखणीत. त्यांनी नमस्काराचं लिंगायती "शरणार्थ" म्हटलं, मला न्याहाळलं, आणि सदरा धुवायला काढून घेतला. श्रावणातल्या हवेत तो दोन दिवस वाळणार नव्हता, पण मला त्याची काय पर्वा? मी बनियनवर बसून गळा मोकळा केला. चांगल्या लांब ताना घेतल्या, हातवारे केले. गोठ्यातला बैल हंबरला. मला ती दाद वाटली.

दिवेलागणीला वीरण्णा स्वतः परात घेऊन आले. परातीत नारळ, पान-सुपारी आणि रुमालाखाली काहीतरी. शेरवानीच्या मानानं ढीग लहान होता, पण कापड तलम असेल. मी रुमाल उचलला.

जोडा होता. पायातला. लाल चामड्याचा, वर जरीची वेलबुट्टी, टोक किंचित वर वळलेलं. तसा सुंदर जोडा मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी तो उचलून परातीत खाली बघितलं. खाली परातच होती.

"आन् वरचं?" मी विचारलं.

"वरचं काय?" वीरण्णा म्हणाले.

मग सगळा उलगडा झाला. त्यांच्या आजोबांच्या काळी एक गवई अनवाणी चालत आला होता, तेव्हापासून त्या घरात गायला येणाऱ्याला जोडा देतात. मी उर्दूतला अर्थ सांगितला. वीरण्णांनी तो आदरानं ऐकला. गौरम्मा मात्र म्हणाल्या, "जोडा म्हंजे जोडा. आता ह्यो डोक्यात घालून बसताव का?"

तोही घालून बसायची सोय नव्हती. बैठकीत शिरताना जोडे दाराबाहेर काढायचे असतात. माझ्याजवळची एकमेव झोकदार वस्तू बाहेर राहणार होती आणि आत मी बनियनवर. बाहेर तहसीलदारांची गाडी आल्याचा आवाज झाला. मला कोपऱ्यातली ज्वारीची कोठी दिसू लागली, आणि खरंच रडू यायच्या बेतात होतं.

गौरम्मांनी वीरण्णांचा किरमिजी लांब कोट काढला. वीरण्णा अंगानं भरलेले, त्या कोटात माझ्यासारखे दोन गवई आणि एक तबलजी मावला असता. गौरम्मांनी मला पाठमोरं उभं केलं, मागचं सगळं कापड मुठीत गोळा केलं आणि अडतीतलं पोत्याची तोंडं शिवायचं दाभण घेऊन मला कोटात शिवून टाकलं. समोरून पाहिलं तर शेरवानी अंगावर ओतल्यासारखी बसली होती. जरा सैल करा, श्वास अडकतोय, असं मी सुचवलं. त्यांनी आणखी एक टाका ओढून घातला.

अशा स्थितीत मी गायला बसलो. हात छातीच्या वर जाईना. दम भरला की पाठीत शिवण कुरकुरायची. ज्या लांब तानांवर माझी भिस्त होती त्या अर्ध्यातच सोडाव्या लागल्या. एक सूर धरायचा, हळूच ठेवायचा, थांबायचं, चोरून श्वास घ्यायचा, मग दुसरा. तहसीलदार मान हलवत शेजाऱ्याला म्हणाले, "क्या ठहराव है." एकदा रंगात येऊन मी मूळ स्वभावावर गेलो, तेव्हा मागे एक टाका तट्कन तुटला. मी घाबरून तान तिथंच टाकून खालच्या षड्जावर येऊन बसलो. त्या जागेला जी वाहवा मिळाली तेवढी मला आधी कधी मिळाली नाही आणि नंतरही नाही.

वीरण्णांनी तिथल्या तिथं पुढच्या श्रावणाचं बोलावणं दिलं. गौरम्मा टाके उसवताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "पुढल्या सालीबी मीच शिवून देईन. दुपारी मोकळं गाऊन राहिलते ते ऐकलंय म्या."

नांदेडला उतरलो. शेरवानीचं मी जाण्याआधीच गावभर सांगून ठेवलं होतं; ती बघायला जमलेली मंडळी माझ्या पायांकडे बघून हसत घरी गेली. सौदामिनीला मी पुन्हा बोलावल्याचं सांगितलं. तिनं विचारलं, जोडा कुठाय. मी पाय पुढे केला. मग सगळंच सांगावं लागलं, दाभणासकट. ती आधी हसू दाबत होती, मग भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तंबोरा कोपऱ्यातच राहिला.

सकाळी मी अभिमानानं रियाजाला बसलो. तारा जुळवल्या, छाती भरून दम घेतला, तेवढ्यात पाठीमागे चाहूल लागली. सौदामिनी वाण्याकडून दाभण मागून घेऊन आली होती.

"हात खाली घ्या," ती म्हणाली. "मला गाणं ऐकायचंय."