रणजितरावांची फूटभर जागा

तानूबाई आणि शमशाद कळस गावात तीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्या. दोघींच्या लेकांनी बारामतीच्या कडेला प्लॉट घ्यायचं काढलं, तेव्हा या बायांनी दोन वेगळ्या प्लॉटिंगचे नकाशे ओट्यावर कडेला कड लावून ठेवले आणि पाठीला पाठ लागेल असेच प्लॉट घ्यायला लावले. म्हातारपणी सोबत पाहिजे ना! एवढं डोकं नगररचनेच्या साहेबांनीसुद्धा चालवलं नसेल.

घरं उठली आणि पंचाईत कळली. जिकडं बघावं तिकडं उसाच्या रानात प्लॉटिंग, प्रत्येकाला गेट एकच, तेही हायवेवर. आतला एक रस्ता दुसऱ्याला भेटेल तर शपथ! शमशादच्या कुकरची शिट्टी तानूबाईच्या मोरीत ऐकू यायची, पण तिच्याकडं चहाला जायचं तर चार किलोमीटर. तानूबाईचे गुडघे गेटपर्यंतसुद्धा नेईनात. लेक-सून कामाला गेले की ती दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसायची. रडू यायचं तिला, दुसरं काय.

शेवटी दोघींनी गवंडी बोलावून आपापल्या मागच्या भिंतीला दार पाडलं. तर दुसऱ्याच दिवशी तानूबाईच्या या नव्या दारात रणजितराव हजर! तानूबाईकडचं प्लॉटिंग त्यांचं. दोन भिंतींच्या मधली फूटभर पट्टी त्यांनी स्वतःच्या नावावर ठेवलेली, का, तर शेजारच्या प्लॉटिंगला फुकटात रस्ता मिळू नये.

"आजी, ही पट्टी माझी हाय. हितं पाय ठेवायचा न्हाय."

"किती हाय म्हणायची?"

"फूटभर."

"मग पाय ठेवतंय कोण?"

तानूबाईनं पदर खोचला, चौकट धरली, गुडघ्याला एक कचकचीत शिवी हासडली आणि टाकली ढांग. पलीकडून शमशादनं तिचा दंड धरला.

"आलीस गं बया!" शमशाद म्हणाली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या, रडल्या, परत हसल्या.

रणजितराव तापले, शमशादच्या दाराकडं बोट केलं. "ह्यांचं दार माझ्या हद्दीत आलंय का, ते पलीकडनं मोजून बघणार मी!"

"बघा की," तानूबाई म्हणाली. "गाडीनं चार किलोमीटर, न्हायतर हितनं."

रणजितरावांनी उन्हाकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, मग पँट वर ओढून गुमान ढांग टाकली. माप घेतलं. दार हद्दीत नव्हतं. शमशादनं हातात चहा दिला, तो पण प्यायले आणि परत निघाले.

"रणजितराव," तानूबाई शमशादच्या खाटेवरनं ओरडली, "पाय उचलून बरं का! जागा मालकाची हाय."