पऱ्हाटीचा जाळ

खामगावच्या त्या जिनिंग-तेल गिरणीच्या दारात सकाळपासून कापसाचे ट्रॅक्टर अडकलेले, आणि शाइस्ताच्या जिवात जीव नव्हता. कसा असणार? गॅस कंपनीकडून गॅसलाइनींची तपासणी हेच तिचं काम. पावसाळा सरल्यापासून ती घसा फोडून सांगत होती, की रेग्युलेटरपाशी हीटर बसवा, दाबाचा गॅस एकदम सैल झाला की थंड पडतो, डिसेंबरात बर्फ धरेल. मॅनेजर भगवानराव दर वेळी चहा पाजायचे आणि 'बसवू की, मॅडम' म्हणायचे. घ्या आता! रेग्युलेटर पांढराफटक गोठला, बॉयलर थंड, सरकी आत तुंबली आणि नवा कापूस घेणं बंद.

त्या रांगेत तिचे अब्बाही होते, गुलाम रसूल. बीटीचं महागडं बियाणं लावूनही गुलाबी बोंडअळीनं निम्मी बोंडं खाल्ली होती. असला डागी कापूस घेणारी ही एकच गिरणी, आणि तीही आजच्यापुरती. उद्यापासून फक्त चांगला माल.

शाइस्ता स्कूटीवरून उतरते तर समोर अब्बा! हातात पेटलेल्या पऱ्हाटीची, कापसाच्या वाळल्या झाडांच्या काड्यांची जुडी, आणि निघालेत थेट रेग्युलेटरकडं. गॅसचा वास तर फाटकापासूनच येत होता.

"अब्बा, थांबा! मागं फिरा!"

"काऊन, बेटा? वावरातलं इंजिन मी असंच तर गरम करतो. आत्ता चालू होते, पाह्य."

तिनं धावत जाऊन त्यांचा दंड धरला, ओढतच रस्त्यापार नेलं, जाळ मातीत दाबून विझवला. मग परत येऊन तिनं मेन वाल्व्ह बंद केला आणि त्याला कुलूप घातलं. हीटर बसेपर्यंत आता गॅस नाही.

झालं, रांग खवळली.

"हिच्या बापाचं काय जाते!" कुणीतरी ओरडलं. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, बापाचंच जात होतं.

भगवानराव जवळ सरकले. "कुलूप काढा, मॅडम, आजचा दिवस कसंतरी चालवून घेतो," ते हळूच म्हणाले. "तुमच्या वडलांचा कापूस पहिले घेतो. चांगल्या मालाच्या भावानं."

अब्बांनी ते ऐकलं. त्यांनी लेकीकडं पाहिलं, आणि ती नजर तिला लहानपणापासून कळत होती. नका ना अब्बा, असं नका पाहू!

"नाही," ती म्हणाली. किल्ली मुठीत रुतत होती.

गुलाम रसूल ट्रॅक्टरवर चढले, भरल्या ट्रॉलीसकट कसाबसा फिरवला आणि तिच्यापाशी येऊन जरा थांबले.

"अम्मीले तूच सांगजो," ते म्हणाले. "माह्याच्यानं नाही होत."